छावणीतून घरी आलेल्या लेकीशी काय बोलावे?

वाचकाचा प्रश्न, संक्षेपाने: दक्षिण गोव्यात राहणाऱ्या अठ्ठावन्न वर्षांच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची एकोणतीस वर्षांची मुलगी अभियंता असून दोन वर्षांपासून बांगलादेशातील कॉक्स बाजार येथे, रोहिंग्या निर्वासितांच्या छावणीत, एका परदेशी मदतसंस्थेसाठी पाणीपुरवठ्याचे आणि शौचालयांचे काम पाहते. यंदा ती चवथीच्या आठवडाभर आधी लांब रजेवर घरी आली आणि तेव्हापासून घराचे स्वास्थ्य हरपले आहे. आई भांडी घासत असताना ती मागून येऊन नळ बंद करते. रात्री मोठा पाऊस लागला की उठून बसते. माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या छताचे, सामान बाजारातून आले तेव्हा तिने साडेतीन हजारांची बेरीज करून ‘एवढ्यात तिथली तीन माणसे महिनाभर जेवतात’ असे पाहुण्यांच्या देखत सुनावले, आणि त्या दिवसापासून वडिलांनी ‘या घरात छावणीचा विषय नको’ अशी तंबी दिली आहे. महिला मंडळाने तिच्याबरोबर पाठवायला जमवलेल्या जुन्या साड्यांच्या गोण्या पाहून ती आधी हसली आणि मग रडली. नोव्हेंबरात तिला आणखी वर्षभरासाठी परत जायचे आहे. इकडे फोंड्याचे एक चांगले स्थळ उत्तराची वाट पाहत आहे. ‘माझी हसरी मुलगी मला परत कशी मिळेल? तिला जाऊ द्यावे की अडवावे? आणि खरे सांगायचे तर, परक्या लोकांसाठी आपल्या मुलीने इतके झिजावे का?’ असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

सप्रेम नमस्कार.

तिसरा प्रश्न लिहिताना तुमचा हात अडखळला असणार, नाही तर ‘खरे सांगायचे तर’ हे शब्द तिथे आले नसते. लिहिलात ते बरे केले. मनातल्या मनात हा प्रश्न पुष्कळ घरांत विचारला जातो आणि तो दाबून ठेवला की नळावरची नाही तर माटोळीवरची भांडणे होतात. त्याच्याकडे मी येईनच, पण त्याआधी माटोळीचा दिवस नीट पाहायला हवा, कारण तुमच्या पत्रातली सगळी गाठ मला तिथे दिसते.

यंदाची, म्हणजे २०२५ सालची, चवथ २७ ऑगस्टला होती, म्हणजे माटोळीचे सामान बहुधा २५ किंवा २६ तारखेला घरात आले. २०१७ साली २५ ऑगस्टला म्यानमारच्या राखाइन प्रांतात पोलीस चौक्यांवर हल्ले झाले, त्यानंतर लष्कराने रोहिंग्यांची गावेच्या गावे जाळली, आणि पुढच्या काही महिन्यांत सात लाखांहून अधिक माणसे नाफ नदी ओलांडून नाही तर डोंगरवाटांनी बांगलादेशात पोहोचली. छावणीत दरवर्षी या तारखेला लोक एकत्र जमतात, गेलेल्यांची नावे घेतात, प्रार्थना करतात. तुमच्या मुलीने हा दिवस तिथे पाहिलेला असणार. योगायोग असा की २०१७ साली गणेश चतुर्थीही नेमकी २५ ऑगस्टलाच होती. आपल्याकडे आरत्या चालू होत्या त्या दिवशीच हे सगळे सुरू झाले, ही गोष्ट तिला माहीत असेल तर माटोळीखाली उभे राहताना तिच्या मनात काय चालले असेल याचा अंदाज बांधता येतो. तिचे शब्द योग्य होते असे मी म्हणत नाही. तिने ते सणाच्या खर्चाचा किंवा तुमचा अपमान करण्यासाठी उच्चारले, हे तुमचे गृहीत मात्र तपासून पाहा, एवढीच विनंती आहे. त्या तारखेबद्दल तिला एकदा विचारा.

तिने मांडलेला हिशेबही हवेतला नाही. छावणीत जागतिक अन्न कार्यक्रमाकडून माणशी दरमहा मिळणारी मदत २०२५ मध्ये बारा डॉलर होती, म्हणजे आपल्या चलनात साधारण हजार रुपये. ही रक्कम हाती मिळत नाही. ती कुटुंबाच्या कार्डावर जमा होते आणि ठरवून दिलेल्या दुकानांतून तांदूळ, डाळ, तेल, कांदे, अंडी, सुके मासे असे जिन्नस त्यातून घ्यायचे असतात. २०२३ च्या मार्चमध्ये देणगीदारांचे हात आखडले आणि बाराचे दहा डॉलर झाले, जूनमध्ये आठ. पुढच्या वर्षी ती रक्कम पुन्हा वाढवण्यात आली, आणि २०२५ च्या मार्चमध्ये मात्र एप्रिलपासून माणशी सहाच डॉलर मिळतील असे पत्र आले. शेवटच्या घटकेला पैशांची सोय झाली म्हणून ते टळले. पण मधल्या दिवसांत काय झाले असेल ते पाहा. निर्वासितांना छावणीबाहेर जाऊन रीतसर नोकरी करायची परवानगी नाही, त्यामुळे हे रेशन म्हणजे मिळकतीला लागलेली जोड नव्हे, बहुतेक कुटुंबांची तीच मिळकत असते. मदतसंस्थेचे जाकीट घातलेला कोणीही दिसला की लोक त्याला गाठून विचारतात, मग तो अन्नाच्या विभागातला असो की पाण्याच्या. तुमची मुलगी त्या महिन्यात तिथे होती. ‘मला ठाऊक नाही’ हे उत्तर तिने दिवसातून कितीदा दिले असेल, कोण जाणे. असे महिने काढून आलेल्या माणसाच्या डोक्यात प्रत्येक रकमेचे आपोआप माणशी रेशन होते. ती खोड आहे, टोमणा नव्हे, आणि तिला उतरायला वेळ लागतो.

आता नळ आणि पाऊस. मदतकार्यात काम करणाऱ्यांना काही किमान मानके पाठ असतात: माणशी दिवसाला निदान पंधरा लिटर पाणी, एका नळामागे फार तर अडीचशे माणसे, नळ घरापासून पाचशे मीटरांच्या आत, रांग अर्ध्या तासाहून मोठी नसावी, वीस माणसांमागे एक शौचालय. पंधरा लिटर म्हणजे आपल्याकडच्या एका बादलीच्या आत-बाहेर, आणि त्यात पिणे, रांधणे, अंघोळ, धुणे असे सगळे आले. तुम्ही भांडी घासताना नळ मोकळा सोडता तेव्हा तुमची मुलगी तुमच्याकडे पाहत नसते, ती लिटर मोजत असते.

तिथली सकाळ डोळ्यांपुढे आणा. टेकडीच्या माथ्यावर क्लोरीन घातलेल्या पाण्याची टाकी असते, तिच्यातून खालच्या नळकोंडाळ्यांना ठरावीक वेळी पाणी सुटते, आणि ते सुटण्याच्या पुष्कळ आधी ॲल्युमिनियमच्या कळश्या माणसांच्या जागी रांग धरून उभ्या असतात. कोणी आपली कळशी दोन जागा पुढे सरकवली की भांडण लागते, आणि ते सोडवायला जिला बोलावतात ती बहुधा तुमची मुलगी. पंप सौरऊर्जेवर चालणारा असेल तर ढगाळ दिवसांत टाकी उशिरा भरते, म्हणजे भर पावसाळ्यात, चहूकडे पाणीच पाणी असताना, नळाला पाणी नाही असे लोकांना सांगण्याची वेळ येते. झोपड्या बांबूच्या आणि ताडपत्रीच्या, कारण पक्के बांधकाम करायला परवानगी नाही. जंगल तोडून, मातीच्या टेकड्या कापून त्यांवर त्या दाटीवाटीने उभ्या केलेल्या. मुसळधार पाऊस लागला की एकीकडे शौचालयांचे खड्डे भरून वाहू लागतात आणि दुसरीकडे उतार सुटतो. २०२४ च्या जूनमध्ये अशाच दरडी कोसळून तिथे माणसे दगावली. म्हणून केप्याच्या नाही तर सांग्याच्या पावसात ती रात्री उठून बसते, याला मी एकदम आजार म्हणणार नाही. दोन पावसाळे रात्रीचा फोन वाजायचा आणि बाहेर पडावे लागायचे, त्या शरीराला कौलांखालचा पाऊस वेगळा आहे हे अजून समजलेले नाही.

आणखी एक गोष्ट ती कदाचित वडिलांसमोर बोलू शकणार नाही, तुमच्याजवळ बोलेल. छावणीतल्या बायका अंधार पडल्यावर शौचालयाला जायला घाबरतात, म्हणून दुपारनंतर पाणीच कमी पितात. अंघोळ झोपडीच्या कोपऱ्यात पडदा लावून करतात. पाळीच्या दिवसांत कापड कुठे धुवायचे आणि कुठे वाळवायचे हा रोजचा पेच असतो. शौचालयाला आतून कडी आहे का, वाटेवर दिवा लागतो का, ही विचारपूस स्त्री अभियंत्यालाच करता येते, कारण बायका ती पुरुषाला सांगत नाहीत. तुमच्या मुलीने तिथे काय केले असे कोणी विचारले तर ‘कडी बसवली आणि दिवा लावला’ हे उत्तर ऐकायला किरकोळ वाटेल, पण ज्या बाईला त्यामुळे संध्याकाळी घोटभर पाणी पिता येते तिच्या लेखी ते किरकोळ नाही.

इतके सांगितल्यावर तुम्हाला वाटेल की मी तुमची भीतीच खरी ठरवली. एवढ्या दुःखात राहून मुलगी खिन्न झाली, दुसरे काय होणार! इथेच मला तुमच्याशी थोडा वाद घालायचा आहे. छावणी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे टीव्हीवरचा हात पसरलेला माणूस येतो, पण जिथे दहा लाखांहून अधिक माणसे राहतात तिथे लग्ने होतात, पोरे वेताच्या चेंडूने खेळतात, न्हावी असतो, चहाची टपरी असते, ताडपत्रीच्या छपरावर भोपळ्याचा वेल चढवलेला असतो. सुरुवातीच्या काळात हत्तींच्या जुन्या वाटेवरच झोपड्या उभ्या राहिल्याने काही माणसे मेली, तेव्हा निर्वासितांमधल्याच माणसांची पथके बांधून रात्री मचाणांवर पहारा बसवला गेला. ही माणसे नुसती मदतीची वाट पाहत बसलेली नाहीत. मराठी माणसाला याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, नाटके आणि सिनेमे होते. ते गेल्यानंतर त्याच बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली, आणि आज गांधीनगरच्या कापडबाजारात खरेदीला जाणाऱ्यांपैकी कित्येकांना आपण एका जुन्या छावणीत उभे आहोत हे ठाऊकही नसते. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की पोलिश मुलांना आपल्या भाषेत शिकता आले आणि सिंधी माणसाला दुकान थाटता आले. रोहिंग्यांना त्यांतले दुसरे रीतसर मुळीच नाही आणि पहिले रखडत, उशिरा आणि निधी असेल तोवर.

सांगायचे ते असे की तुमची हसरी मुलगी हरवलेली नाही. ती तिथे रोज हसत असणार, भांडत असणार, कोणाच्या तरी झोपडीत बसून चहा घेत असणार. हरवले आहे ते तिला इथे त्याबद्दल बोलता येईल असे माणूस. पाहुणे तिला दोनच प्रश्न विचारत असतील: ‘तिथे फार वाईट आहे ना?’ आणि ‘पगार किती देतात?’ पहिल्याला ‘हो’ म्हणण्यापलीकडे उत्तर नाही आणि दुसऱ्याला कोणी उत्तर देऊ नये.

म्हणून पहिली सूचना: यजमानांनी घातलेली बंदी उठवा. त्यांनी ती भांडण टाळण्यासाठी घातली हे मला कळते, पण ज्या दोन वर्षांनी ती आज जशी आहे तशी घडली, तीच घराबाहेर ठेवायची म्हटल्यावर ती तरी घरात किती राहणार? विषय काढायचा तो मात्र साध्या दिवसाचा काढा. तुझ्याबरोबर पंपावर कोण काम करते, त्याला मुले किती, दुपारी तुम्ही काय जेवता, तिथले सुके मासे कसे करतात, आपल्या सुक्या बांगड्यासारखे की वेगळे, असे विचारा. जमले तर एके दिवशी तिलाच तसे रांधायला सांगा. ‘बिचारे’ हा शब्द टाळा. ज्यांच्याबरोबर ती रोज काम करते त्यांना बिचारे म्हटले की ती गप्प होईल. आणि सुरुवातीला काहीच विचारले नाही तरी चालेल. बोटीवरून सहा-आठ महिन्यांनी परतलेल्या माणसाला पहिले काही दिवस नुसते झोपू द्यायचे असते, हे गोव्यातल्या घरांना शिकवावे लागत नाही. तीच सवलत हिलाही द्या.

आता तुमचा तिसरा प्रश्न. परक्यांसाठी आपल्या मुलीने का झिजावे? मी तुम्हाला माणुसकीचे धडे देणार नाही. ‘परके’ कोण आणि ते परके कसे होतात, एवढेच विचारतो. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत व्यापले तेव्हा तिथे गोव्याची हजारो माणसे नोकरीला होती. त्यांतल्या अनेकांनी सामानसुमान टाकून इराकमार्गे जॉर्डन गाठले, वाळवंटात तंबूत दिवस काढले, पाण्यासाठी आणि पावासाठी रांगा लावल्या. पुढे एअर इंडियाच्या विमानांनी सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना परत आणले. तुमच्या ओळखीत कोणी कुवेतवाले असतील तर त्यांना त्या तंबूंबद्दल विचारा. आणि तुमच्या मुलीला त्यांच्याकडे घेऊन गेलात तर फारच चांगले. आपल्या माणसांच्या खिशात पासपोर्ट होता आणि परत न्यायला विमान पाठवणारा देश होता, म्हणून ती छावणी काही आठवड्यांत संपली. रोहिंग्यांना १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने म्यानमारने आपले म्हणणेच सोडले, त्यामुळे त्यांची संपत नाही. तिथली जुनी वस्ती तर १९९१-९२ पासूनची आहे.

गोष्ट आणखी जवळची हवी असेल तर तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. तुमच्या नळाला बहुधा साळावली धरणाचे पाणी येते. त्या धरणासाठी कुर्डी गाव बुडाले आणि तिथल्या माणसांना वालकिणी आणि वाडे येथे नेऊन वसवले. अजूनही मे महिन्यात पाणी उतरले की ती माणसे सोमेश्वराच्या देवळाकडे आणि चॅपेलकडे उत्सवाला जमतात. ते निर्वासित नव्हेत. त्यांना जमीन मिळाली, मतदान मिळाले, आणि दोन्ही गोष्टी एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तरी गाव सुटलेल्या माणसाला काय हवे असते हे समजून घ्यायला कॉक्स बाजारपर्यंत जावे लागत नाही, एवढे त्यावरून दिसते.

तुमच्या प्रश्नात एक रास्त भागही आहे आणि तो मी झटकणार नाही. बाहेरून माणसे आली की भाडी वाढतात, मजुरी पडते, पाणी आटते, ही तक्रार आपल्याकडे जशी ऐकू येते तशीच छावण्यांच्या आसपासच्या उखिया आणि टेकनाफ तालुक्यांतल्या बांगलादेशी गावकऱ्यांचीही आहे, आणि ती खोटी नाही. त्यांचे जंगल सरपणासाठी उजाड झाले, शेतमजुरीचे दर घसरले, स्थानिक माणसे आपल्याच तालुक्यात संख्येने कमी ठरली. २०१८ नंतर छावणीत गॅस सिलिंडर वाटले जाऊ लागले ते बायकांची सरपणासाठीची पायपीट थांबावी म्हणून जसे, तसेच उरलेले रान वाचावे म्हणूनही. पाण्याची योजना आखताना शेजारच्या गावाचाही वाटा धरावा लागतो. हे सगळे तुमची मुलगी जाणते. तेव्हा ‘आपल्या माणसांचे काय?’ असे तुम्ही तिला विचारलेत तर ती चिडण्याऐवजी कदाचित तुमच्याशी मोकळेपणाने वाद घालेल, आणि तो वाद तुम्हा दोघींना हवा आहे.

हे सदर ती वाचणार असेल तर तिच्यासाठीही दोन वाक्ये. बाई ग, आईने नळ बंद केल्याने कुटुपालोंग छावणीतली टाकी भरत नाही, हे तुला माझ्यापेक्षा अधिक कळते. पाहुण्यांसमोर आईच्या सणाची किंमत काढणे हा तिच्यावर अन्याय होता. तो तू केलास आणि त्याबद्दल तिच्याशी बोलायचे काम तुझे आहे, माझे नव्हे.

तिला अडवावे का? एकोणतीस वर्षांच्या कमावत्या मुलीला अडवणे तुमच्या हाती आहे असे मला वाटत नाही. अडवण्याचा प्रयत्न केलात तर ती जाईलच, फक्त सांगणे थांबवेल. त्याऐवजी जाण्याच्या अटींवर बोला, आणि काळजीपोटी नव्हे तर घरातली वडील माणसे म्हणून बोला. करार किती महिन्यांचा आहे, आजारपणाचा आणि तातडीने बाहेर काढण्याचा विमा आहे का, दर काही आठवड्यांनी सक्तीची विश्रांतीची रजा मिळते का आणि गेल्या वर्षी तिने ती खरोखर घेतली का, संस्थेत समुपदेशक आहे का, अडचणीत घरच्यांनी कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, ही माहिती लेखी मागा. चांगल्या संस्थांकडे या प्रश्नांची उत्तरे तयार असतात. ती रजा न घेता राबली असेल तर मात्र नोव्हेंबर लवकरचा आहे, असे मला स्पष्ट वाटते आणि तुम्हीही तिला ते स्पष्ट सांगा. दुसरी बाजूही बोलून ठेवा: २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवल्यापासून या क्षेत्रातल्या असंख्य नोकऱ्या गेल्या आहेत, तेव्हा तिची जागा वर्षभर टिकेलच असे नाही. तसे झाले तर ती घरी हरल्यासारखी येऊ नये, यासाठी इथे काय करता येईल याचा विचार आताच, घाई नसताना, तिच्याबरोबर करा. पाणी, सांडपाणी, रोगराई यांची जाण असलेल्या अभियंत्याला गोव्यात काम मिळणार नाही असे नाही.

स्थळाबद्दल माझे मत थोडक्यात सांगतो. त्या कुटुंबाला ‘ती आता सोडणारच आहे’ असे सांगितले असेल तर आजच दुरुस्त करा. मुलगी काय काम करते आणि नोव्हेंबरात जाणार आहे हे सांगून, मुलाला तिच्याशी त्याबद्दल बोलायचे असेल तर बोलू द्या. तिला ते स्थळ पसंत आहे का, हे तुमच्या पत्रात कुठेच आलेले नाही.

मन आजारी पडले आहे हे ओळखायचे कसे, असे तुम्ही विचारलेले नाही, पण या पत्रासारखी पत्रे मला परिचारिकांच्या आणि पोलिसांच्या घरांतूनही येतात म्हणून लिहितो. घरी आल्यावर पहिले काही आठवडे झोप मोडणे, चिडचिड होणे, गर्दीचा नाही तर वायफळ खर्चाचा तिटकारा येणे हे पुष्कळांना होते आणि हळूहळू निवळते. महिना उलटूनही तेच चालू राहिले, वाईट स्वप्ने रोज पडू लागली, जेवण सुटले, दारू किंवा झोपेच्या गोळ्या वाढल्या, मैत्रिणींना भेटणेही नकोसे झाले तर वाट पाहू नका. जगण्यात अर्थ नाही असे एकदाही बोलून दाखवले तर त्याच दिवशी मदत घ्या. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र विनाशुल्क बोलता येते, मराठीतही. आणि बांबोळीच्या सरकारी मनोविकार रुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे जाण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ती एकटी जायला कचरली तर तुम्ही बरोबर जा, पण डॉक्टरांच्या खोलीत तिला एकटीलाच जाऊ द्या.

राहिल्या साड्यांच्या गोण्या. ती हसली, कारण रोहिंग्या बायका सहसा साडी नेसत नाहीत. आणि रडली ती बहुधा तुमच्या मंडळातल्या बायकांनी त्या प्रेमाने धुऊन, घड्या घालून दिल्या म्हणून. दूरच्या छावणीत जुने कपडे पाठवले की वाहतुकीचा खर्च मालाच्या किमतीहून जास्त होतो, निवडायला माणसे लागतात, आणि नको असलेला माल शेवटी चिखलात जातो. त्यापेक्षा मदत पैशांच्या रूपाने करा: संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाला भारतातून व्यक्तिगत देणगी देता येते, मंडळाच्या खात्यातून परदेशी पैसे पाठवायचे असतील तर मात्र आधी हिशेबनिसाला विचारा, कारण नोंदणीकृत संस्थांचे नियम वेगळे असतात. मंडळाला फक्त पैसे देऊन समाधान वाटणार नसेल तर मुलीला एका दुपारी तिथे बोलवा, तिची इच्छा असेल तरच, आणि भाषण न ठेवता प्रश्नोत्तरे ठेवा. साड्या इथेच गरज असलेल्या घरांत, आधी विचारून, द्या. तिच्या बॅगेत त्यांतली एकही घालू नका. ढाक्याला उतरल्यावर कस्टमवाल्यांना उत्तर तिलाच द्यावे लागेल.